प्रश्नाची मांडणी : कार्यालयीन कामकाजातील एक दुर्लक्षित अंग

कोणत्याही कार्यालयाच्या मासिक आढावा बैठकीचे इतिवृत्त काढून पाहावे. ‘अडचणी’ या मथळ्याखाली बहुधा तीच ती वाक्ये आढळतात : मनुष्यबळ अपुरे आहे, जागा कमी पडते, वाहन उपलब्ध नाही, निधी वेळेवर प्राप्त होत नाही. ही वाक्ये खोटी असतात असे मुळीच नाही. परंतु बारकाईने पाहिले असता त्यांत अडचणीचे वर्णन क्वचितच सापडते. ‘लिपिक कमी आहेत’ या वाक्यात ‘लिपिक वाढवून द्या’ हा उपाय आधीच दडलेला असतो. उपाय अगोदर मनात ठरतो आणि मग त्याला शोभेल अशी अडचण कागदावर उतरते. वरिष्ठांकडूनही मग त्याच उपायापुरता होकार वा नकार येतो. मूळ प्रश्न काय होता, हे विचारण्याचा प्रसंगच उद्भवत नाही.

एखाद्या तहसील कार्यालयाचे उदाहरण घेऊ. जून महिन्यात शाळा-महाविद्यालयांचे प्रवेश सुरू झाले की उत्पन्नाचे, जातीचे व अधिवासाचे दाखले मिळविण्यासाठी खिडकीपुढे रांग लागते. रांग लांबली, म्हणून दुसरी खिडकी उघडावी अशी मागणी होते. ती वरकरणी रास्तही वाटते. पण दुसऱ्या खिडकीचा प्रस्ताव पाठविण्यापूर्वी कोणी एक दिवस वही घेऊन त्या रांगेजवळ उभे राहिले आणि प्रत्येकाला येण्याचे कारण विचारले, तर काय आढळेल? काही जण नवा अर्ज देण्यासाठी आलेले असतात. काही जण आठ दिवसांपूर्वी दिलेल्या अर्जाचे काय झाले हे विचारण्यासाठी आलेले असतात. कोणाचा एक कागद जोडावयाचा राहिलेला असतो, कारण तो लागतो हे पहिल्या खेपेस कोणी सांगितलेले नसते. कोणाच्या दाखल्यात वडिलांच्या नावाची वेलांटी चुकलेली असते. यांपैकी पहिल्या प्रकारची माणसेच खरे नवे काम घेऊन आलेली असतात. उरलेली रांग कार्यालयाने स्वतःच निर्माण केलेली असते. दुसरी खिडकी उघडल्याने त्यांना ‘उद्या या’ हे उत्तर दुप्पट वेगाने मिळेल, एवढेच. प्रश्न ‘खिडक्या किती असाव्यात’ असा न मांडता ‘माणसाला दुसऱ्यांदा का यावे लागते’ असा मांडला, की उपायांची दिशा पालटते. लागणाऱ्या कागदांची यादी मोठ्या अक्षरांत दर्शनी भागी लावणे, अर्ज घेतानाच तो तपासणे, दाखला कोणत्या तारखेस मिळेल हे पोचपावतीवर लिहून देणे, असे बिनखर्चाचे उपाय दिसू लागतात.

महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ नुसार अधिसूचित सेवांसाठी कालमर्यादा ठरविण्यात आली, ती याच जातीच्या विचारातून असे म्हणता येईल. दाखला किती दिवसांत द्यावयाचा हा कार्यालयाच्या सोयीचा विषय होता. तो नागरिकाच्या हक्काचा विषय झाला.

सहा गठ्ठ्यांची गोष्ट

या विषयाचे सर्वांत बोलके उदाहरण नाशिक महसूल विभागातच सापडते. १९८० च्या दशकाच्या पूर्वार्धात श्री. अनिलकुमार लखिना हे अहमदनगर जिल्ह्याचे, म्हणजे आजच्या अहिल्यानगरचे, जिल्हाधिकारी होते. त्यांनी जिल्हाधिकारी कार्यालयाच्या कामकाजात जी पुनर्रचना केली ती पुढे ‘लखिना पॅटर्न’ या नावाने राज्यभर ओळखली गेली. आजही कार्यालयीन कार्यपद्धतीच्या प्रशिक्षणात ‘सहा गठ्ठे पद्धती’ शिकविली जाते. मात्र ती कोणत्या प्रश्नाचे उत्तर होती, हे सांगितले जातेच असे नाही.

त्या काळातील कोणत्याही मोठ्या कार्यालयाचे चित्र डोळ्यांपुढे आणावे. टेबलावर नस्त्यांचा ढीग, टेबलाखाली ढीग, कपाटांवर धूळ खात पडलेली लाल बासने. त्या ढिगाआड बसलेला लिपिक ‘कामाचा भार फार आहे’ असे म्हणतो आणि ढीग पाहणाऱ्याला ते पटते. लखिना यांच्या पद्धतीचे मर्म असे, की तिने त्या ढिगाच्या उंचीला कामाचे माप मानण्याचे नाकारले. ढिगातील प्रत्येक कागदाला एकच प्रश्न विचारावयाचा : तू आज येथे का आहेस?

या प्रश्नाची सहा उत्तरे संभवतात. काही प्रकरणांवर आजच कार्यवाही करावयाची असते, तो पहिला गठ्ठा. काही प्रकरणांत दुसऱ्या कार्यालयाकडून उत्तर यावयाचे असते. ती प्रतीक्षाधीन प्रकरणे. त्यांना काम लागत नाही, ठरल्या तारखेस स्मरणपत्र लागते. तिसऱ्या गठ्ठ्यात ठरावीक मुदतीने पाठवावयाची नियतकालिक विवरणपत्रे येतात. चौथ्यात शासन निर्णय व परिपत्रके यांची स्थायी आदेश संचिका येते, तिचा उपयोग केवळ संदर्भापुरता. पाचव्या गठ्ठ्यातील प्रकरणे पूर्ण झालेली असून अभिलेख कक्षात जाण्याची वाट पाहत असतात. सहाव्यात ‘ड’ वर्गाचे, म्हणजे वर्षभराने नष्ट करावयाचे कागद येतात. ढीग असा वाटला गेल्यावर लक्षात येते की लिपिकाचे आजचे काम म्हणजे केवळ पहिला गठ्ठा. उरलेले पाच गठ्ठे काम नव्हते. ते कामाला झाकणारे आवरण होते.

येथे एक गोष्ट आवर्जून नमूद केली पाहिजे. यातील फारसे काही नवे नव्हते. अभिलेखांचे अ, ब, क, ड असे वर्गीकरण, ‘अ’ वर्ग कायमचा आणि ‘ब’ वर्ग तीस वर्षे जतन करण्याचा दंडक, हे सारे नियमपुस्तिकांमध्ये पूर्वापार होतेच. नियम होते, पण ते अभिलेखपालासाठी आहेत अशी समजूत होती. लखिना यांनी ते टेबलाशी बसणाऱ्या प्रत्येक लिपिकासाठी आहेत असे मानले. त्याबरोबर बैठक व्यवस्था पालटली, कार्यालय स्वच्छ झाले, अभ्यागतांची सोय झाली. ही दृश्य सुधारणा पाहणाऱ्यांच्या अधिक लक्षात राहिली आणि काही ठिकाणी अनुकरण भिंतींना रंग देण्यापलीकडे गेले नाही, हेही खरे.

पुढे २००५ च्या अधिनियमाने, जो १ जुलै २००६ पासून अमलात आला, कोणतीही नस्ती कर्मचाऱ्याकडे सामान्यतः सात कामकाजाच्या दिवसांहून अधिक काळ प्रलंबित राहू नये असे बंधन घातले. आता पुष्कळ कार्यालयांत नस्ती संगणकाच्या पडद्यावर फिरते. तेथे धूळ साचत नाही, पण ढीग साचतो. पडद्यावरच्या ‘प्रलंबित’ या एकाच आकड्यात आजचे काम, परक्या उत्तराची वाट पाहणारे प्रकरण आणि केव्हाच संपलेली नस्ती ही तिन्ही मिसळलेली असली, तर टेबल मोकळे दिसूनही मूळ प्रश्न तसाच राहतो.

कोणाच्या जागेवरून पाहावयाचे?

प्रश्नाची मांडणी पालटणे म्हणजे शब्दांची फिरवाफिरव नव्हे. बहुतेक वेळा तो जागेचा पालट असतो. ज्याच्या खुर्चीवरून आजवर पाहिले ती सोडून दुसऱ्या कोणाच्या जागी उभे राहून पाहणे. लंडनच्या भुयारी रेल्वेत हॅरी बेक नावाचे एक आरेखक होते. त्या रेल्वेचा नकाशा तोवर भूगोलाला धरून काढला जाई. स्थानकांमधील खरी अंतरे आणि मार्गांची खरी वळणे त्यात दाखविलेली असत. परिणामी शहराच्या मध्यभागी नावांची इतकी दाटी होई की वाचता येणे कठीण. बेक यांनी १९३१ साली विचार केला तो प्रवाशाच्या जागेवरून. जमिनीखालच्या प्रवाशाला अंतर नको असते. कोठे चढावे, कोठे गाडी बदलावी, कोठे उतरावे एवढेच हवे असते. त्यांनी विजेच्या जोडणीच्या आराखड्याप्रमाणे सरळ रेषांचा नकाशा काढला. प्रारंभी तो नाकारला गेला. १९३३ च्या जानेवारीत तो छापून प्रवाशांच्या हाती पडला आणि लोकांनी तो उचलून धरला. आज जगातील बहुतेक शहरांचे रेल्वे नकाशे त्याच वळणाचे आहेत.

आपल्याकडे निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागायतदाराला हा पाठ फार महाग पडला. युरोपात जाणाऱ्या द्राक्षांत कीटकनाशकांचे अंश आढळल्याने २००३ साली माल नाकारला गेला, तेव्हा तपासणीची कल्पनाच बदलावी लागली. बंदरावर पोहोचलेल्या पेटीत काय सापडते, यापेक्षा बागेत काय फवारले गेले हे महत्त्वाचे ठरले. कृषी विभागाकडे प्रत्येक बागेची नोंदणी, काढणीपूर्वी त्याच बागेतील नमुन्याची प्रयोगशाळेत तपासणी आणि २००६ पासून ‘ग्रेपनेट’ या संगणकीय व्यवस्थेद्वारे पेटीपासून बागेपर्यंत माग काढण्याची सोय, अशी रचना अपेडा व पुण्याजवळील मांजरीचे राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र यांच्या सहकार्याने उभी राहिली. ही रचना उत्तम होती आणि आहे. तरीही २०१० च्या हंगामात घात झाला. वेलीची वाढ रोखण्यासाठी बागायतदार वापरीत असलेल्या क्लोरमेक्वाट क्लोराइड या संजीवकाचे अंश युरोपातील तपासणीत मर्यादेबाहेर आढळले. तेथील मर्यादा किलोमागे ०.०५ मिलिग्रॅम इतकी अल्प होती. कंटेनर परदेशी बंदरांत अडकले आणि पुष्कळ कुटुंबे कर्जात गेली.

आपल्याकडील तपासणीत कोणी कुचराई केली होती असे म्हणता येणार नाही. तपासावयाच्या रसायनांच्या यादीत हे संजीवक नव्हते. यादीतील प्रत्येक रसायनाचे उत्तर बरोबर होते. ‘यादीतील रसायने मर्यादेत आहेत काय’ हा प्रश्न विचारला गेला होता. ‘या घडात घेणाऱ्याला चालणार नाही असे काही आहे काय’ हा निराळा प्रश्न होता. दोन्ही प्रश्न ऐकावयास सारखेच वाटतात. त्यांच्यातील अंतराची किंमत रॉटरडॅमच्या बंदरात कळली. त्यानंतर यादीत भर पडली, बागायतदारांनीही फवारणीच्या नोंदी अधिक काटेकोरपणे ठेवण्यास प्रारंभ केला. २०१० नंतरच्या काळात मोहाडी येथे सह्याद्री शेतकरी उत्पादक कंपनीसारख्या संस्था वाढल्या, त्यांनी ग्राहकाची अपेक्षा थेट बागेपर्यंत आणली.

रामकुंडाकडे जाणारी वाट

नाशिकच्या प्रशासनापुढे दर बारा वर्षांनी येणारा प्रश्न याहून कठीण आहे, कारण त्यात माणसांचे प्राण गुंतलेले असतात. २७ ऑगस्ट २००३ रोजी सिंहस्थातील शाही स्नानाच्या दिवशी सरदार चौकाजवळच्या अरुंद, उताराच्या रस्त्यावर चेंगराचेंगरी होऊन ३९ भाविक मृत्युमुखी पडले. मिरवणुकीतून चांदीची नाणी उधळली गेली आणि ती वेचण्यासाठी गर्दी लोटली, असे त्या वेळच्या वृत्तांत म्हटले होते. साहजिकच चर्चा नाण्यांभोवती फिरली : नाणी कोणी उधळली, पोलीस कोठे होते, कठडे का मोडले.

हे प्रश्न चौकशीला आवश्यकच असतात. नियोजन करणाऱ्याला मात्र त्यांतून मर्यादित शिकता येते. नाणी मोकळ्या मैदानात उधळली गेली असती तर चार माणसे पडली असती व उठून उभी राहिली असती. त्या गल्लीत बाजूला सरकण्यास जागाच नव्हती. मागून येणाऱ्याला पुढे काय घडले आहे हे दिसत नव्हते.

येथे थोडे गणित करावे लागेल. प्रस्तुत लेखकाचे शिक्षण कला शाखेतील असल्याने ते सोपेच राहील. ब्रिटनमधील क्रीडांगणांच्या सुरक्षिततेविषयीच्या मार्गदर्शिकेत सपाट वाटेवर एक मीटर रुंदीतून मिनिटाला जास्तीत जास्त ८२ माणसे सुरक्षितपणे जाऊ शकतात असे धरले जाते. पायऱ्यांवर हा आकडा ६६ इतका खाली येतो. चार मीटर रुंदीची गल्ली धरली, तर सपाटीवरही मिनिटाला ३२८ आणि तासाला १९,६८० माणसे. एक लाख भाविकांना त्या एका वाटेने जाण्यास पाच तासांहून थोडा अधिक वेळ लागेल, तोही कोणी न थांबता, न वाकता, न वळता. ज्या रामकुंडाकडे हे सारे निघालेले, ते कुंड सुमारे २७ मीटर लांब व १२ मीटर रुंद आहे. पोलिसांची संख्या दुप्पट केल्याने यातील एकही आकडा बदलत नाही.

म्हणून ‘गर्दी कशी आवरावी’ हा प्रश्न सोडून ‘गर्दी कोठे, किती वेगाने व कोणत्या दिशेने वाहावी’ हा प्रश्न हाती घ्यावा लागतो. २०१५ च्या सिंहस्थाच्या नियोजनात ही दिशा स्पष्ट दिसली. शाही मिरवणुकीच्या परतीचा व येण्याचा विचार वेगवेगळा झाला. टाकळी, दसक, नांदूर अशा ठिकाणी गोदावरीला घाट उपलब्ध झाले आणि कोणत्या रस्त्याने येणाऱ्या भाविकांनी कोणत्या घाटावर स्नान करावे याची आखणी झाली. खासगी वाहने शहराबाहेरील वाहनतळांवर थांबवून पुढे एस.टी. बसने आणण्याची योजना झाली. गोदावरी सर्वत्र तीच आहे, हे भाविकाला सांगणे हा त्या योजनेचाच भाग होता. एक माहिती अधिकारी म्हणून मला तो भाग सर्वांत अवघड वाटतो, कारण पिढ्यान्‌पिढ्या मनात ठसलेले ‘रामकुंड’ हे नाव फलक लावून पुसता येत नाही.

त्याच सुमारास, २०१४ पासून, नाशिकचेच सुपुत्र व अमेरिकेतील एम.आय.टी. या संस्थेतील प्राध्यापक रमेश रासकर यांच्या पुढाकाराने ‘कुंभथॉन’ हा उपक्रम येथे सुरू झाला. स्थानिक तरुण, डॉक्टर, अभियंते व अधिकारी एकत्र बसले. आधी प्रश्न शोधावेत, मग साधने, असा त्यांचा क्रम होता. त्यातून ‘अशिओतो’ नावाची चटई तयार झाली. जपानी भाषेत या शब्दाचा अर्थ पाऊलवाज. चटईवर पडणाऱ्या पावलांवरून एखाद्या वाटेने किती माणसे गेली हे मोजले जाते. एकूण किती लाख लोक आले हा आकडा दुसऱ्या दिवशी वृत्तपत्रांना हवा असतो. वाटेच्या तोंडाशी उभ्या असलेल्या हवालदाराला या घडीला पुढे किती माणसे आहेत हे हवे असते. चटईने हवालदाराच्या प्रश्नाला हात घातला.

एवढे असूनही २९ ऑगस्ट २०१५ ची पहिली पर्वणी अनेकांना निराश करून गेली. बॅरिकेड इतके उभारले गेले होते आणि वाहने इतक्या दूर अडविली गेली होती की भाविकांना कित्येक किलोमीटर पायपीट करावी लागली. वृद्धांचे हाल झाले, शहरातील व्यवहार थंडावले आणि अपेक्षेच्या मानाने गर्दी बरीच कमी झाली. दुर्घटना घडली नाही, हे मोलाचेच. पण ज्यासाठी मेळा भरतो त्या भाविकालाच तो दुर्गम झाला, ही टीका रास्त होती. प्रशासनाने ती मनावर घेतली हे येथे सांगितले पाहिजे. १३ सप्टेंबरच्या दुसऱ्या पर्वणीपूर्वी पुष्कळ बॅरिकेड हटविण्यात आले आणि पायी अंतर कमी करण्यात आले. त्या दिवशी व १८ सप्टेंबरच्या तिसऱ्या पर्वणीस भाविक मोठ्या संख्येने आले आणि मेळा सुखरूप पार पडला. पहिल्या पर्वणीतील नियोजकांचा प्रश्न होता, ‘चेंगराचेंगरी कशी टळेल?’ त्याचे सर्वांत खात्रीचे उत्तर ‘कोणी न येणे’ हेच असते, आणि योजना नकळत त्या उत्तराकडे झुकली होती. दुसऱ्या पर्वणीच्या वेळी प्रश्नात सत्तर वर्षांची आजी आली : ती वाहनातून उतरल्यापासून स्नान करून परत वाहनात बसेपर्यंत सुखरूप कशी राहील?

प्रश्न नव्याने मांडण्याचा हा मार्ग सर्वत्र लागू पडतो असे मात्र समजू नये. काही ठिकाणी खरोखरच लिपिक कमी असतात, दवाखान्यात खरोखरच परिचारिका नसतात. अशा वेळी ‘प्रश्नाकडे वेगळ्या दृष्टीने पाहा’ असा उपदेश करणे म्हणजे खर्च टाळण्याची सभ्य रीत ठरते. याची एक साधी कसोटी सांगता येईल. सहा गठ्ठे केल्यावरही पहिला गठ्ठा एका माणसाच्या दिवसभराच्या कामापेक्षा मोठा राहत असेल, तर मनुष्यबळाची मागणी खरी आहे आणि ती आता आकड्यांनिशी करता येते.

२०२७ च्या सिंहस्थातील पहिले अमृतस्नान २ ऑगस्ट २०२७ रोजी असल्याचे जाहीर झालेले आहे. त्या दिवशी किती लाख भाविक येतील याचे अंदाज वर्तविले जातील आणि ते एकमेकांशी जुळणार नाहीत. सरदार चौकातून उतरणाऱ्या रस्त्याची रुंदी मात्र कोणालाही, कोणत्याही दिवशी, पंधरा रुपयांच्या फीतपट्टीने मोजता येते.